आमच्या समर्थचं दुसरं नाव

समर्थ हे नाव मराठी शेजाऱ्यांच्या तोंडी बसतं, कानडी शेजाऱ्यांच्याही. बेळगावात ही मोठी सोय. फक्त ती गल्लीतल्या आणखी दोन घरांनाही सुचली. संध्याकाळी गॅलरीतून "समर्थ, दूध प्यायला ये" म्हटलं की तीन पोरं वर बघतात, आणि माझं सोडून बाकीची दोघं जिना चढतात.

टोपणनाव हवंच होतं. पण बाळ्या, बाबू, पिंट्या, अप्पी यांच्या जागा अनगोळात पिढ्यानपिढ्या भरलेल्या. सासूबाई म्हणाल्या, "गोडाधोडाचं काहीतरी ठेव गं." आमच्याकडे गोड म्हणजे कुंदा. पण खालच्या मजल्यावर कुंदाकाकू राहतात. त्यांच्या देखत "कुंद्या, शेंबूड पूस" म्हणायची माझी छाती नाही. भावजींनी गोकाकचा कर्दंट सुचवला. कुकरच्या शिट्टीवर ताण करून ओरडून बघा ते नाव, दात हलतात.

मग खानापूरहून माझी बहीण आली आणि हौसेनं त्याला शाळेत सोडायला गेली. झेरॉक्सच्या दुकानापाशी स्वारी थांबली, मशीनमधला हिरवा उजेड सरकताना बघायला. पुढे पंक्चरवाला टबात ट्यूब बुडवत होता. बुडबुडे नेमके कुठून येतात ते सापडेपर्यंत हा तिथून हलेना. शाळेची घंटा होऊन गेली.

बहीण घरी आली ती चप्पल काढतानाच म्हणाली, "देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, सगळीकडे थांबलो बाई. पंक्चरवाल्यापाशी तर लोंढाच आलं!"

गोव्याची वाट फुटते त्या जंक्शनवर गाडी कशी ठाण मांडते, ते तिकडून गेलेल्याला सांगायला नको. नाव जागच्या जागी पक्कं झालं.

"संतांचं नाव सोडून स्टेशनचं?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, शहर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी आहे. तुम्ही बेळगावच म्हणता ना?"

त्या गप्प बसल्या. पटलं म्हणून नव्हे.

रिक्षामामांना मात्र इतकं पटलं की उरलेल्या दोन समर्थांचीही त्यांनी सोय लावली: चढावरच्या घरातला कॅसलरॉक, पलीकडचा अळणावर. लोंढ्याहून रूळ दोन्हीकडे जातात, तेव्हा हिशेबात चूक नाही. कॅसलरॉकच्या आईनं आधी नाक मुरडलं. हल्ली डब्यावर तेच लिहून देते.

आता "लोंढाऽऽ" अशी हाक मारली की एकच पोरगं येतं. तेही लेट.