शोव्हेच्या गुहेतली चित्रं बनावट नाहीत

आमच्या पेठेतल्या तीन ग्रुपवर परवापासून एकच मजकूर फिरतोय. फ्रान्समधल्या आर्देश नदीच्या दरीत शोव्हे नावाची गुहा आहे. तिथली ३६,००० वर्षांपूर्वीची चित्रं बनावट आहेत, असं त्यात ठासून लिहिलंय. म्हणे युरोपात सिंह-गेंडे नव्हतेच, गुहा १९९४ पर्यंत कुणाला कशी दिसली नाही, आणि खरी असेल तर कुलूप लावून लोकांना नक्कल का दाखवतात? शाळेतल्या पोरांपर्यंत हे पोचलंय, म्हणून लिहायला बसलो.

सिंह-गेंड्यांचं लगेच मिटतं. हिमयुगात युरोपात गुहासिंह आणि लोकरी गेंडे होते, त्यांची हाडं सापडलेली आहेत. चित्रातल्या सिंहांना आयाळ नाही, नर आहे हे स्पष्ट दाखवलेल्या सिंहालाही नाही. आजकालच्या कुणी बनवाबनवी केली असती, तर सिंहाला आधी आयाळ काढली असती.

गुहा दिसली नाही, कारण कडा कोसळून तिचं तोंड किमान २१,५०० वर्षांपूर्वी बुजलं होतं. १८ डिसेंबर १९९४ ला तिघेजण आत उतरले ते दगडांच्या फटीतून येणाऱ्या झुळुकीचा माग काढत, दगड उपसून.

वयाचा मुद्दा मोठा आहे. काळ्या चित्रांतल्या कोळशाचं वय कार्बनवरून काढलंय. जुना कोळसा घेऊन आजही चित्र काढता येईल, ही शंका रास्त आहे. पण काही चित्रांवर गुहाअस्वलांच्या नखांचे ओरखडे आहेत, रेषांच्या वरून गेलेले. ही अस्वलं नामशेष होऊन २०,००० हून जास्त वर्षं झाली. म्हणजे आधी चित्र, मग ओरखडा. तांबड्या चित्रांचं वय मात्र असं थेट निघत नाही, कारण गेरूत कार्बन नसतो. हे मी मान्य करतो.

आता कुलूप. फ्रान्समधलीच लास्कोची जुन्या चित्रांची गुहा १९४८ ला लोकांसाठी उघडली. माणसांच्या श्वासानं, ओलीनं भिंतींवर शेवाळ चढलं आणि १९६३ ला ती बंद करावी लागली. शोव्हेत ती चूक पुन्हा केली नाही. आपल्या अंबाबाईची मूळ मूर्ती झिजू नये म्हणून अभिषेक उत्सवमूर्तीवर होतो. म्हणून मूळ मूर्ती खोटी, असं कोल्हापुरात कुणी म्हणेल का? गुहेची प्रतिकृती काही किलोमीटरवर २०१५ ला उघडली, आणि ती प्रतिकृतीच आहे हे उघड सांगितलं जातं. मूळ गुहेत संशोधक वर्षातून थोडेच दिवस जातात.

दरी तर बंद नाहीच. १९८० पासून ती राखीव आहे, मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच करता येतो. पण पाण्यानं कोरलेल्या तिथल्या सुमारे ५४ मीटर उंच दगडी कमानीखालून आजही कुणीही होडी वल्हवत जाऊ शकतं.