मेल सी ‘संपली’ कधी?

‘स्पाइस गर्ल्स’ या ब्रिटिश पॉप ग्रुपमधल्या मेलनी चिझमबद्दल, म्हणजे मेल सीबद्दल, एक मजकूर सतत फिरत असतो. जाहिरात देऊन गोळा केलेल्या पाच मुली, गाणी दुसऱ्यांनी लिहून दिलेली, ग्रुप थांबला तशी मेल सी संपली आणि मग नाइलाजाने नाटकात गेली. यातली जाहिरात तेवढी खरी.

१९९४ साली ‘द स्टेज’ या साप्ताहिकात ती आली होती. पण ज्यांनी या मुलींना निवडलं, त्याच व्यवस्थापकांना पुढच्याच वर्षी त्यांनी रामराम ठोकला. इतरांच्या तालावर नाचणाऱ्या मुली असं करत नाहीत.

गाणी? १९९६च्या पहिल्या अल्बममधल्या प्रत्येक गाण्याच्या श्रेयात सहलेखक म्हणून या पाचजणी आहेत. ‘वॉनाबी’ हे त्यांचं गाजलेलं गाणंसुद्धा त्यांनी रिचर्ड स्टॅनर्ड आणि मॅट रो या गीतकारांसोबत लिहिलं. सोबत लिहिणं म्हणजे आयतं मिळणं नव्हे.

‘संपली’ हा शब्द तर मला अजिबात सहन होत नाही. १९९९मध्ये ‘नॉर्दर्न स्टार’ हा तिचा एकटीचा पहिला अल्बम आला. त्यात एकीकडे निर्माता रिक रुबिनचा गिटारचा दणका आणि दुसरीकडे निर्माता विल्यम ऑर्बिटचं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यातली ‘नेव्हर बी द सेम अगेन’ आणि ‘आय टर्न टू यू’ ही दोन गाणी २००० साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. दोन्हींच्या लेखनात तिचा वाटा आहे. २००३चा ‘रीझन’ हा अल्बम त्यामानाने कमी विकला गेला आणि व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीशी असलेलं नातं संपलं, हे कबूल. पण पुढे तिने काय केलं ते मात्र कुणी सांगत नाही. तिने ‘रेड गर्ल’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, आणि तिथून आलेलं ‘फर्स्ट डे ऑफ माय लाइफ’ हे गाणं जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. लंडनमध्ये बसून यादी करणाऱ्यांना जर्मनी दिसत नसेल, तर तो तिचा दोष कसा?

राहिलं नाटक. ग्रुपमध्ये येण्याआधी ती डोरीन बर्ड कॉलेजात नृत्य, गायन आणि अभिनय शिकत होती. म्हणजे रंगभूमीचं शिक्षण आधीचं, पॉप नंतरचं. २००९मध्ये वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागात, ‘ब्लड ब्रदर्स’ या संगीत नाटकात तिने मिसेस जॉनस्टन उभी केली: लिव्हरपूलची गरीब आई, जुळ्यांपैकी एक मूल देऊन टाकणारी. लिव्हरपूलपासून जवळच्या विडनेसमध्ये वाढलेल्या मेल सीला त्या आईची बोली शिकवावी लागली नसणार. त्या भूमिकेसाठी तिला ऑलिव्हिए या ब्रिटिश नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं.