पेरणी झाल्यावर आयातीचे नियम बदलू नका

इंदूरमध्ये आपल्या मंडळींत मुक्त व्यापाराचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकांना बाहेरचा माल येऊ द्यायचा असतो, दुसऱ्यांना सगळं बंद करून टाकायचं असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. माल यायचा तर येऊ दे, पण शेतकऱ्यानं एकदा बी मातीत टाकलं की तो माल विकेपर्यंत सरकारनं आयातीचे नियम बदलू नयेत.

सोयाबीनचंच घ्या. माळव्यातलं हे काही वाडवडिलांपासूनचं पीक नाही. १९६०-७० च्या दशकांत जबलपूरच्या कृषी विद्यापीठानं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सोबतीनं ते इथं रुजवलं. त्याआधी आपल्याकडच्या कितीतरी काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीकच राहायच्या. पुढे इंदूरच्या आसपास सोयाबीनचं तेल काढणारे प्लांट उभे राहिले आणि इथली पेंड परदेशात जाऊ लागली. आपलं सोयाबीन जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं, नाही, म्हणून तिला तिकडे वेगळं गिऱ्हाईक होतं. माळव्याच्या हातात पैसा आला तो या देवाणघेवाणीतूनच, त्यामुळे व्यापाराला सरसकट शिव्या देणं मला पटत नाही.

पण २०२१ चा हंगाम आठवा. इंदूरजवळ सांवेरकडे आमची थोडी शेती आहे, धाकटा भाऊ बघतो. त्या वर्षी बियाणं भयंकर महाग होतं, तरी त्यानं घेतलं, कारण भाव चढे होते. ऑगस्टच्या सुरुवातीला तर मंडीत क्विंटलला १० हजारांच्या वर बोली गेली. कोंबड्यांच्या खाद्यात लागणारी पेंड महागली म्हणून पोल्ट्रीवाल्यांची ओरड सुरू झाली आणि त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम १८-२० टक्के, बाकी बहुतेक पेंडच. तेव्हा पेंडेचा भाव उतरला की दाण्याचा उतरलाच. ज्या जातीचं बी इथल्या शेतकऱ्याला पेरायला मनाई आहे, तिचीच पेंड बाहेरून आणायला मात्र मुभा!

मग ऐन काढणीत, १३ ऑक्टोबरला, कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावर आणलं. त्याच सुमारास मी भावाबरोबर छावणी मंडीत गेलो होतो. व्यापारी ट्रॉलीशी आला, मूठभर दाणे तळहातावर चोळले, एक दाताखाली दाबून ओलावा पाहिला. माल उत्तम होता, हे त्यानंच कबूल केलं. पण बोली ऑगस्टच्या निम्म्यावर. भावानं कारण विचारलं तर म्हणाला, "भैया, प्लांटवालों ने ही भाव तोड़ दिए।" त्याच्याकडे तरी दुसरं काय उत्तर असणार? डिसेंबरात बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सोयाबीनचे वायदेही (पुढच्या तारखेचे भाव आधीच ठरवणारे सौदे) बंद केले, म्हणजे पुढचा अंदाज बांधायची होती-नव्हती ती सोयही गेली. हमीभाव ३,९५० होता, त्याहून जास्त मिळाले, हे खरं आहे. पण बियाण्याचा खर्च हमीभाव बघून झालेला नव्हता.

आता जरा दुसरीकडे बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं तिथं नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी जाहीर केली. १९ तारखेला सही झाली, २१ पासून लागू. इंदुरात सुदामा नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत आपल्या किती घरांत त्या रात्री कुणाला झोप लागली नाही! सुट्टीवर आलेल्यांनी मिळेल ते तिकीट काढलं. नंतर खुलासा आला की आधीच व्हिसा असलेल्यांना ही फी नाही, पण तोवर जीव टांगणीला लागला होता. मुलांनी कर्ज काढून शिक्षण घेतलं, आयुष्याचा बेत आखला, आणि मध्येच नियम कसे बदलता, असा संताप आपण सगळ्यांनी केला. तो रास्तच होता. माझी एवढीच विनवणी आहे की तोच संताप सांवेर-देपालपूरच्या शेतकऱ्यासाठीही वाटू द्या. त्यानंही कर्ज काढलेलं असतं, बेत आखलेला असतो, आणि त्याच्या बाबतीत कसलाही खुलासा येत नाही.

स्वयंपाकघराची बाजू मला कळते. आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी साधारण ६० टक्के आयात करतो. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोया तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियानं पामची निर्यातच काही आठवडे थांबवली, तेव्हा आपली केवढी धांदल उडाली! आपलं सोयाबीन हेक्टरी टनभर निघतं, ब्राझीलचं तीन टनांच्या वर. आयात उद्या बंद करता येणार नाही, आणि करूही नये.

शुल्क वाढवलं की प्रश्न सुटतो, असंही नाही. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. तरी त्या हंगामात मंडीतला भाव ४,८९२ च्या हमीभावाखालीच राहिला. इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मक्याचा स्वस्त चोथा पशुखाद्यात आला होता आणि पेंडेला उठाव नव्हता. वर नेपाळच्या वाटेनं सोया तेल येऊ लागलं, साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार कराराखाली शुल्काविना. नेपाळात सोयाबीन पिकतं ते किती! मे २०२५ च्या अखेरीस आपलं शुल्क पुन्हा १० टक्क्यांवर आलं. ते निदान पेरणीआधी झालं, हे मी मान्य करतो. पण भाव वाढेल म्हणून ज्यांनी माल घरात ठेवला होता, ते अडकलेच.

म्हणून मागणी अशी आहे. दरवर्षी मेअखेर शुल्क जाहीर करा आणि मार्चपर्यंत त्याला हात लावू नका. तेल फारच महागलं तर शुल्क किती उतरेल, त्याचा तक्ताही त्याच दिवशी छापा, म्हणजे पेरणाऱ्याला आणि खाणाऱ्याला दोघांनाही आधीच माहीत असेल. नेपाळच्या तेलाचं मूळ नीट तपासा. नाहीतर भाव पडणार, मग २०२५ सारखी भावांतर योजना आणणार, आणि हमीभावातला फरक शेवटी सरकारी तिजोरीतून भरणार.

या मजकुराचं पत्र मी खासदारांना आणि केंद्रीय कृषी मंत्रालयाला पाठवतोय. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये ठेवला आहे. शेती असो वा नसो, पटलं तर खाली नाव आणि गाव लिहा. मंडीचे व्यापारी, प्लांटमध्ये काम करणारे यांनी तर जरूर लिहा, तुमचा हिशेब माझ्याहून वेगळा असेल तर तोही.