ती वाटी माझ्यासाठी नव्हतीच

ताई, ह्यांच्यावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, ‘गेलेल्या नवऱ्याबद्दल सगळं गोडच लिहायचं, लग्नाआधीची भेट रंगवायची, आजारपणाची तीन वर्षं दोन ओळींत उरकायची आणि वर मंगळसूत्र घालून फोटो टाकायचा. हा देखावा आहे.’

मंगळसूत्राचं आधी सांगते. २०१८ साली हे गेले त्या दिवशी चौघी जणींनी माझ्या बांगड्या फोडल्या. मी काही बोलले नाही, फोडू दिल्या. मे २०२२ मध्ये आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला. पेपरात ते वाचलं आणि कपाटातली डबी बाहेर काढली. लेकीनं मागून अडकवून दिलं. चार वर्षं गळा ओका वाटत होता, तो भरला. बस्स, एवढंच.

आता ती भेट. हे शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. १९८६ च्या जानेवारीत आत्याच्या गावच्या गुऱ्हाळावर माल बघायला आले होते. काहिलीतला रस उकळत होता, गुळव्या भेंडीचं पाणी घालून मळी काढत होता, चुलवाणात चिपाडं पडत होती. त्या वाफेतून हे काकवीची वाटी घेऊन आले आणि मी ती घेतली. माझ्या लेखात मी लिहिलं की पहिल्याच भेटीत त्यांनी मला काकवी दिली.

ही गोष्ट त्यांच्या बाजूनं मला कळली ती डायलिसिसच्या खुर्चीशेजारी. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार तास. मशीन सुरू असताना दुसरं करणार काय? हे बोलायचे. २०१६ मध्ये एकदा म्हणाले, “ती वाटी तुझ्या आत्यासाठी होती. तू मधीच हात पुढं केलास, मग काय करायचं?” तीस वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून. मी हसले आणि मग बाहेर जाऊन रडले. तेव्हा ताई, ती सुरुवात मी शेवटच्या दिवसांतच गोळा केलीय. रंगवलेली नाही.

पण एक तुमचं खरं आहे. मी राग गाळला. ह्यांनी बीपीच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या, ‘डोकं दुखत नाही, मग कशाला’ म्हणून. मला पत्ता नव्हता. कळलं तेव्हा मूत्रपिंडं गेलेली होती. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. देवाला दिवा लावतानाही कधी कधी उफाळून येतो. तुमच्या घरात कुणाच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट उघडून मोजत जा, एवढं कळकळीनं सांगते.

आणि आणखी एक गाळलं होतं. डायलिसिसवाल्यांना पोटॅशियम सोसत नाही, त्यामुळे गूळ बंद. पाणीसुद्धा मापाच्या बाटलीतनं. आयुष्यभर ज्या माणसानं नुसत्या वासावरून गुळाची पारख केली, त्याच्या घरात मी गुळाचा डबा वरच्या फळीवर, भांड्यांच्या मागं ठेवत होते. २०१७ च्या दिवाळी पाडव्याला अडतीवर मुहूर्ताचे सौदे झाले आणि मालकांनी नेहमीप्रमाणे गूळ घरी पाठवला. मी स्वयंपाकघरात सुरीनं ढेप फोडत होते. हे भिंतीला धरत आत आले, पाटावर बसले. म्हणाले, “शेंगदाण्याएवढा दे की.”

त्यांनी हात पुढं केला होता. मी डबा बंद केला. मग त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली, नाकाशी धरली आणि म्हणाले, “यंदाचा माल चांगला आहे.”

फेब्रुवारीत हे गेले.