इनरीच की पीएलबी? उलव्याच्या वाचकमित्राला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण मनापासून लिहिलेली होती. म्हणून तिथेच दोन ओळी न खरडता सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हिमाचलातल्या बीर-बिलिंगला पॅराग्लायडरने क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं, उडायला जाणाऱ्यांनी ४०६ मेगाहर्ट्झचा, नोंदणी केलेला पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन, बटण दाबलं की उपग्रहांकडे संकटाचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) घ्यावा आणि गार्मिनच्या इनरीचसारखे सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप आणि ठावठिकाणा पाठवणारी यंत्रं) भारतात वापरू नयेत, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की पीएलबी हा जुनाट डबा आहे, बटण दाबल्यावर कुणी ऐकलं की नाही तेही कळत नाही. बीरला येणारे परदेशी पायलट सर्रास इनरीच लावून उडतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. मोबाइलवर लाइव्ह ट्रॅकिंग फुकटात मिळतं. आणि मी कायद्याचा बागुलबुवा उभा करून नव्या पोरांना घाबरवतोय.

यात ट्रॅकिंगचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, तो आधी घेतो.

पीएलबी दाबावा लागतो, ही त्याची मोठी उणीव आहेच. बेशुद्ध माणूस बटण दाबू शकत नाही. बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातल्या एका रँचवरून छोटं विमान घेऊन एकटेच निघाले आणि परतलेच नाहीत. आपत्कालीन ट्रान्समीटरचा सिग्नल कुणालाही मिळाला नाही. प्रचंड शोध घेतला गेला, तरी विमानाचे अवशेष सापडले ते थेट २००८ च्या ऑक्टोबरमध्ये, सिएरा नेवाडाच्या डोंगरात, तेही एका पदभ्रमण करणाऱ्याला त्यांची ओळखपत्रं मिळाली म्हणून. दर दहा मिनिटांनी एक ठिपका कुठेतरी नोंदला जात असता, तर शोध कुठे घ्यायचा हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आपल्या हिशेबात सांगायचं तर ग्लायडर ताशी ४० किलोमीटरने जातोय असं धरा. शेवटचा ठिपका अर्ध्या तासापूर्वीचा असेल, तर तुम्ही २० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकता, म्हणजे साडेबाराशे चौरस किलोमीटर. ठिपका दहा मिनिटांपूर्वीचा असेल तर तेच क्षेत्र सुमारे १४० वर येतं. त्यामुळे ट्रॅकिंग हवं, यात आपलं दुमत नाही.

पण हे काम मोबाइल करेल असं तुम्ही म्हणता, ते बीरच्या पुढच्या रिजपुरतंच, म्हणजे खोऱ्याकडच्या डोंगरधारेपुरतंच, खरं आहे. तिथे कांगडा खोऱ्याकडून नेटवर्क मिळतं, एक्ससीट्रॅक या उड्डाणाच्या ॲपचं लाइव्ह ट्रॅकिंग चालतं, मीही वापरतो आणि सगळ्यांनी वापरावं. प्रश्न मागच्या बाजूचा आहे. चांगला बेस मिळाला, म्हणजे ढगांचा तळ उंच असला, की पायलटला मागे जायचा मोह होतो, आणि धौलाधारच्या पलीकडे बडा भंगालच्या बाजूला गाडीरस्तासुद्धा नाही, टॉवर कुठला असणार! तिथे फोन सगळे ठिपके स्वतःजवळ साठवतो आणि नेटवर्क परत आलं की पाठवतो. तुम्ही नेटवर्कमध्ये परत आलाच नाहीत, तर तो सगळा ट्रॅक तुमच्या खिशातल्या फोनमध्येच अडकून राहतो. मोबाइलचं ट्रॅकिंग नेमकं जिथे लागतं तिथेच थांबतं.

मग इनरीच का नको? यंत्र म्हणून त्यात खोट नाही. तो ज्यावर चालतो ते इरिडियमचे ६६ उपग्रह एकमेकांशी बोलतात, त्यामुळे कुठल्याही दरीतून, आकाश दिसत असेल तर, निरोप जातो आणि उलट येतोही. स्पॉट या दुसऱ्या मेसेंजरची तशी खात्री नाही. तो ग्लोबलस्टारवर चालतो, आणि त्यात उपग्रहाला तुम्ही आणि जमिनीवरचं गेटवे स्टेशन एकाच वेळी दिसावं लागतं. अमेरिकेतला किंवा आल्प्समधला पायलट मला विचारेल तर मी त्याला बेलाशक इनरीच घे म्हणेन.

भारतात मात्र विनापरवाना सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्या आधारे ही बंदी आली, आणि मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर अंमलबजावणी कडक झाली. परदेशी लोकांचं काही बिघडत नाही, असं तुम्ही लिहिलंत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला सामानात इनरीच सापडला म्हणून ताब्यात घेतलं गेलं आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. ती ट्रेल रनर होती, हेतू तुमच्या-माझ्यासारखाच साधा होता. पकडलं जाण्याची शक्यता किती, यावर वाद घालण्यात मला रस नाही. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे.

इनरीचचं एसओएस दाबलं की निरोप अमेरिकेतल्या गार्मिनच्या केंद्राकडे जातो. तिथला माणूस तुमच्या देशातल्या यंत्रणेला फोन करतो. म्हणजे तुमचा जीव वाचवण्याची साखळी अशा यंत्रापासून सुरू होते, जे इथल्या यंत्रणेच्या दृष्टीने तुमच्याकडे असायलाच नको होतं. तुमच्यासोबतचा नवखा पायलट, ज्याने कुणाचं तरी ऐकून ते मागवलंय, तो पाय मोडून पडलेला असताना बटण दाबावं की नाही याचा क्षणभर जरी विचार करेल, तरी ते यंत्र माझ्या लेखी निकामी आहे.

पीएलबीच्या पलीकडे कोण आहे ते पाहा. ४०६ मेगाहर्ट्झचा सिग्नल कॉस्पस-सारसॅटचे उपग्रह पकडतात. १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत युनियन यांनी, शीतयुद्ध चालू असताना, एकत्र येऊन उभी केलेली ही व्यवस्था आहे. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडात तिने पहिल्यांदा माणसं वाचवली, आणि ती माणसं छोट्या विमानातलीच होती. भारत या व्यवस्थेत आहे. इस्रोचं मिशन कंट्रोल सेंटर बंगळूरुला आहे, सिग्नल घेणारी स्टेशनं बंगळूरु आणि लखनौला आहेत, आणि तिथून निरोप त्या-त्या भागाच्या बचाव समन्वय केंद्राकडे जातो. वर्गणी नाही, परदेशी कॉल सेंटर नाही. सरकारी यंत्रणेला तो सिग्नल आपला वाटतो, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आता तुमचा "कुणी ऐकलं की नाही तेही कळत नाही" हा आक्षेप. बहुतेक पीएलबींबाबत तो खरा आहे. पण युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांवरून २०२० पासून उलट पोच मिळते. ज्या बीकनमध्ये ही रिटर्न लिंकची सोय आहे त्यावर सिग्नल पोचल्याचा वेगळा दिवा लागतो. त्यासाठी बीकन त्या प्रकारचा हवा आणि तो ज्या देशाच्या कोडवर आहे त्या देशाने ती सोय स्वीकारलेली हवी, हे विकत घेण्याआधी विचारून घ्या. दिवा लागला म्हणजे हेलिकॉप्टर निघालं असा अर्थ नाही, फक्त निरोप पोचला. पण दरीत एकटं पडलेल्या माणसाला तेवढंही किती लागतं, हे मला पटतं. तुम्ही उलव्याला राहता, करंजा बंदर तुम्हाला जवळ. समुद्रावरच्या मच्छीमारांसाठी इस्रोने संकट-संदेश देणारं जे यंत्र केलं होतं तेही आधी एकतर्फीच होतं. २०२४ च्या जानेवारीत त्याची दुसरी पिढी आली, तिच्यात बोटीला उलट पोच मिळते. म्हणजे तुमची मागणी रास्तच आहे, आणि आपल्याकडे ती कुणीतरी ऐकलेलीही आहे.

माझ्या मागच्या लेखात ज्या भागावर कुणीच काही विचारलं नाही, तो नोंदणीचा. त्यावर जरा जास्त लिहितो, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

प्रत्येक बीकनमध्ये देशाचा कोड भरलेला असतो. भारताचा ४१९. भाऊ किंवा मावसबहीण अमेरिकेहून येताना पीएलबी घेऊन आली, तर त्यात तिकडचा कोड असतो. तो तुम्ही बीरला दाबलात, तर तुमची माहिती तिकडच्या नोंदवहीत शोधली जाणार. म्हणून इथल्या विक्रेत्याकडून ४१९ कोड घातलेलाच घ्या, वायरलेसच्या मान्यतेचा कागद मागून घ्या, आणि बंगळूरुच्या केंद्राकडे १५ अक्षरी ओळख-क्रमांकासह नोंदणी करा. बिल आणि नोंदणीची प्रत विमानप्रवासात बीकनसोबतच ठेवा, म्हणजे विमानतळावर समजावून सांगायला हातात काहीतरी असेल.

नोंदणीत आपत्कालीन संपर्क द्यावे लागतात. बीकनचे बरेचसे सिग्नल चुकून दाबले गेलेले असतात, म्हणून सिग्नल आला की खात्री करायला त्या नंबरांवर फोन केला जातो. आता विचार करा, ठाण्यात दुपारी तीन वाजता तुमच्या आईला बंगळूरु नाहीतर दिल्लीच्या लँडलाइनवरून फोन येतो. क्रेडिट कार्डवाल्यांना कंटाळलेली माणसं आपण, अनोळखी नंबर कापून टाकतो. उचललाच तर ती म्हणणार, "हो, तो हिमाचलला गेलाय." पुढे? कुठून उडाला, कुणाबरोबर आहे, ग्लायडर कोणत्या रंगाचा, काहीच माहीत नाही.

आमच्या घरी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर ग्लायडरचे वरचे-खालचे रंग, हार्नेसचा (पायलट बसतो त्या आसनाचा) रंग, रिझर्व्हचा (राखीव पॅराशूटचा) रंग, बीकनचा ओळख-क्रमांक, सोबतच्या दोन पायलटांचे आणि बीरमधल्या आमच्या गाईडचे नंबर, विम्याचा पॉलिसी नंबर, रक्तगट. खाली मोठ्या अक्षरात: ०८० किंवा ०११ ने सुरू होणारा फोन या आठवड्यात उचलायचाच. रोज सकाळी टेकऑफवरून बायकोला मेसेज जातो, आज पुढच्याच रिजवर की मागे, आणि किती वाजेपर्यंत उतरेन. त्या वेळेनंतर तासाभरात माझा निरोप आला नाही तर ती गाईडला फोन करते. बेशुद्ध असताना बटण दाबता येत नाही, ही पीएलबीची उणीव मी या मार्गाने भरून काढतो. उशीर झाला हे ओळखणारा माणूस जमिनीवर असला पाहिजे.

बीकन लावायचा कुठे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. बरेच जण तो कॉकपिटच्या, म्हणजे हार्नेसच्या पुढे उपकरणांसाठी असलेल्या, पिशवीत ठेवतात. झाडात लटकलात तर कॉकपिट कुठे लोंबकळत असेल सांगता येत नाही. हार्नेसच्या खांद्याच्या पट्ट्यावर, छातीजवळ लावा, दोरीने बांधून. रेस्क्यूमीचा पीएलबी-१ अवघा ११६ ग्रॅमचा आहे, वजनाची सबब चालणार नाही. हार्नेस पार्किंगच्या तुळईला टांगा, आत बसा, डोळे मिटा, आधी फक्त डाव्या हाताने आणि मग फक्त उजव्या हाताने बीकन बाहेर काढून अँटेना उलगडायचा सराव करा. बटण अर्थातच दाबायचं नाही. हातमोजे घालून करा, कारण तिकडे ते हातात असणारच.

अँटेना आकाशाकडे असणं फार महत्त्वाचं. नासाने २०१५ मध्ये तीन जुनी सेसना १७२ विमानं मुद्दाम आपटून ईएलटी (विमानात बसवलेले आपत्कालीन ट्रान्समीटर) का निकामी होतात ते तपासलं, कारण अपघातात ईएलटीची बसवणूक, केबल आणि अँटेना यांनाच मार बसतो. आपल्याकडे केबल नाही, पण पाठीवर पडलेला पायलट बीकन अंगाखाली दाबून ठेवू शकतो. शिवाय भूस्थिर उपग्रह आपल्यासाठी दक्षिणेला असतात. उत्तरेच्या तीव्र उतारावर पडलात तर मधे डोंगर येऊ शकतो, आणि फिरत्या उपग्रहांपैकी कुणी नजरेत येईपर्यंत थांबावं लागतं. बीकन किमान २४ तास चालतो, दर ५० सेकंदांनी सिग्नल देत राहतो. एकदा सुरू केला की बंद करू नका. जीपीएस असलेलाच घ्या. त्याने जागा शंभरेक मीटरपर्यंत कळते, नसेल तर शोध काही किलोमीटरवर पसरतो.

कामशेतसाठी हे काही लागत नाही. शेलारला नाहीतर टॉवर हिलला उडताना आजूबाजूला माणसं असतात, फोन लागतो. तिथे तेच पैसे चांगल्या रिझर्व्हवर आणि ते दरवर्षी नीट पॅक करून घेण्यावर घाला. "सगळ्यांना खर्चात पाडता" हा आरोप म्हणून मला मान्य नाही. जो मागच्या रांगांमध्ये जाणार त्यालाच मी हे सांगतोय.

दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय हवीच असेल तर कायदेशीर वाट एक आहे. बीएसएनएलची इनमारसॅटवरची सॅटेलाइट फोन सेवा २०१७ पासून आहे. सुरुवात सरकारी यंत्रणांपासून झाली. परवानगी, कागदपत्रं आणि खर्च पाहता एकट्या पायलटला ते जड जाईल, पण दरवर्षी गट घेऊन जाणाऱ्या क्लबांनी आणि टूर काढणाऱ्यांनी त्यासाठी अर्ज करायला हवेत. पंधरा-वीस जणांकडून पैसे घेऊन त्यांना धौलाधारमध्ये नेणाऱ्याने एवढी जबाबदारी घ्यावी, ही अपेक्षा मला अजिबात जास्त वाटत नाही.

तुम्ही ऑक्टोबरात निघताय असं लिहिलंय. तोवर बीकन मागवून नोंदणी व्हायला वेळ हाताशी ठेवा. आणि नोंदणी पक्की झाल्याचं हातात येईपर्यंत मागे जाऊ नका, पुढच्या रिजवरच भरपूर उडता येतं. अर्ज भरताना कुठे अडलात तर इथेच विचारा. हार्नेस टांगायला तुमच्या सोसायटीत जागा नसेल तर घोडबंदर रोडला आमच्याकडे या, पार्किंगमध्ये तुळई आहे.