पैसे घ्यायचे आहेत का नाहीत तुम्हाला?

आटपाडीहून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला होता. २०२१ सालचे दिवाळीच्या आधीचे दिवस. आवाजात राग नव्हता, खरीखुरी शंका होती.

"सहाशे रुपये घेऊन बसलोय. तुमची वेबसाइट म्हणते, कार्ड घाला. घातलं, तर म्हणते हे कार्ड चालत नाही. दुसरं कार्ड माझ्याकडं नाही. बरं, एकदा गाडी पुढं गेली, तर ओटीपी मागायला लागली. आमच्या बँकेत ही एवढी मोठी पाटी लावलीय, ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून. मग मला एक सांगा, पैसे घ्यायचे आहेत का नाहीत तुम्हाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे तांत्रिक उत्तर होतं, पण ते सत्तरी ओलांडलेल्या माणसाला फोनवर ऐकवण्यासारखं नव्हतं.

आमचं एक मराठी मासिक आहे. आकाराने लहान, वयाने बरंच मोठं. २०२०च्या टाळेबंदीत प्रेस बंद, पोस्ट अडलेलं, तेव्हा नाइलाजाने अंक वेबसाइटवर चढवायला लागलो आणि मग ते तसंच चालू राहिलं. वेबसाइट भाच्याने बांधली. पोरगा हुशार आहे, पण पैसे भरायचं पान त्याने परदेशी साइट्सचं बघून केलं: कार्डाचा नंबर टाका, दर महिन्याला साठ रुपये आपोआप कटतील, किंवा वर्षाचे सहाशे, तेही पुढच्या वर्षी आपोआप. तिसरा रस्ता नाही. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, ज्याला वाचायचंय तो कार्ड काढेल." मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, त्या पानावरची चकचकीत कार्डांची चित्रं बघून आपण फार पुढे गेलो असं मलाही वाटलं होतं.

आता गंमत बघा. हेच मासिक कागदावर होतं तेव्हा वर्गणी भरायचे निदान पाच रस्ते होते. मनीऑर्डर होती. व्ही.पी. होती, पोस्टमन अंक दाखवणार, तुम्ही पैसे देणार, मग अंक तुमचा. चेक होता, डीडी होता. पुस्तक प्रदर्शनात स्टॉलवर रोख देऊन पावती फाडून घेणारे होते. आणि गावोगावचे आमचे मित्र होते, जे आठ-दहा जणांचे पैसे गोळा करून एकदम पाठवायचे. कार्यालयातल्या एका खणात मनीऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा अजून आहे. संदेशासाठी तळाशी बोटभर जागा असायची, त्यात लोक काय काय लिहीत. 'वर्गणी पाठवीत आहे. मार्चचा अंक मिळाला नाही.' 'पत्ता बदलला, बदली झाली.' एकाने लिहिलं होतं, 'कथा बऱ्या, कविता कमी करा.' पैशाबरोबर माणूसही यायचा. वेबसाइट काढताना आम्ही हे सगळे रस्ते बंद करून एक ठेवला आणि त्याला सोय म्हणालो.

गुरुजींच्या कार्डाचं काय झालं होतं ते नंतर कळलं. खातं एका सहकारी बँकेत. कार्ड एटीएममध्ये चालतं, किराणा दुकानात चालतं. पण आपोआप कटणाऱ्या पैशांसाठी बँकेला वेगळी व्यवस्था उभारावी लागते, ती त्या बँकेकडे नव्हती. आणि तो महिनाही नेमका सापडला होता. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचा नियम पूर्ण अंमलात आला होता: कार्डावरून ठरावीक मुदतीने पैसे कापायचे, तर सुरुवातीला ग्राहकाची ओटीपीसकट परवानगी घ्या, प्रत्येक वेळी कापण्याच्या किमान चोवीस तास आधी त्याला कळवा, आणि नको म्हणायची सोय द्या. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी. (ती मर्यादा पुढच्या वर्षी जूनमध्ये पंधरा हजार झाली.) नियम मुळात २०१९चा, तारीख मार्च २०२१वरून सप्टेंबरअखेर ढकललेली, तरी पुष्कळांची तयारी नव्हती. मोठमोठ्या कंपन्यांची वर्गणी त्या महिन्यात अडकली, तिथे आमचे साठ रुपये कोण विचारतो. आमचे दरमहा पैसे भरणारे वर्गणीदार एकेक करून गळायला लागले. रागावून नव्हे, त्यांना माहीतही नव्हतं. पैसे कटले नाहीत, वेबसाइटने दार लावून घेतलं.

भाचा रिझर्व्ह बँकेला शिव्या घालत होता. मी त्या दिवशी बोललो नाही, आज बोलतो. मला तो नियम पटतो.

आपोआप पैसे कापणाऱ्या व्यवहारात सगळ्यात महत्त्वाचा ग्राहक कोण, तर विसरलेला. तो वाचत नाही, बघत नाही, तक्रार करत नाही, फक्त पैसे देतो. फुकट महिना द्यायचा, त्यासाठी कार्डाचा नंबर आधीच घेऊन ठेवायचा, आणि बंद करायचं बटण पाच पानं आत पुरायचं. २०२३च्या नोव्हेंबरात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांची जी यादी काढली, तीत या प्रकाराला 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' असं सरळ नावच दिलंय. आम्ही काही पुरलं नव्हतं, पण खाली बारीक अक्षरांत 'स्वयंचलित नूतनीकरण' लिहिलं होतं हे खरं. हा शब्द मी स्वतः शोधून काढला होता. समजू नये म्हणूनच असले शब्द बनतात की काय, कोण जाणे.

मासिकाची वर्गणी म्हणजे विजेचं बिल नव्हे. वर्षातून एकदा वाचकाने अंक हातात घेऊन 'अजून एक वर्ष घ्यावं का?' असं स्वतःला विचारावं. नको वाटलं तर नको. तो धाक संपादकाच्या मानेवर असलाच पाहिजे.

तेव्हा आम्ही आपोआप कटणं काढून टाकलं. अगदीच ज्यांना हवं त्यांच्यासाठी यूपीआय ऑटोपे (एकदा परवानगी दिली की यूपीआयवरून आपोआप पैसे कटतात ते) ठेवलं, पण ते पहिलं नाही, शेवटचं. पहिलं काय? साधा क्यूआर. वर्षाचे सहाशे, एकदाच.

आणि मग आमचे हाल सुरू झाले. 'पैसे भरायचे जास्त पर्याय द्या' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या प्रत्येक पर्यायामागे रात्री कुणीतरी वही उघडून बसतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

क्यूआरवर पैसे येतात तेव्हा बँकेच्या उताऱ्यात देणाऱ्याचं नाव येतं. वाचणाऱ्याचं नाही. वाचक असतात शांताराम, पैसे येतात सुनेच्या खात्यातून, आणि फोन येतो नातवाचा की आजोबांना अंक का उघडत नाही. आम्ही लिहिलं की पैसे भरल्यावर स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा. लोक पाठवतात. पण यूपीआयचा जो बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, ज्याच्यावाचून आम्हाला काहीच जुळवता येत नाही, नेमका तेवढाच भाग कापून बाकीचा हिरवा बरोबरचा शिक्का पाठवतात. शिवाय खाली 'जय हरी'. माझी बायको महिन्याच्या शेवटी दोन रात्री हा ताळा जुळवते. एकदा एकच क्रमांक असलेला स्क्रीनशॉट तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला. तिघांची मराठी मात्र निर्दोष होती, एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नव्हता, त्यामुळे मला त्यांच्यावर पुरतं रागावता आलं नाही.

शेवटी भाच्यानेच मार्ग काढला. यूपीआय पेमेंट गेटवेमधून (ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीमार्फत) घ्यायचं, म्हणजे प्रत्येक वाचकासाठी वेगळा क्यूआर तयार होतो आणि पैसे आले की नाव आपोआप जुळतं. खर्चाचं गणितही त्याने मांडलं. क्रेडिट कार्डावर साधारण दोन टक्के जातात, त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी. सहाशेवर बारा रुपये आणि वर दोन रुपये सोळा पैसे. यूपीआयवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, घ्यायचा नाही, हे जानेवारी २०२०पासून ठरलेलंच आहे. गेटवेवाले स्वतःचं काही घेतात ते वेगळं. म्हणजे जो रस्ता वाचकाला सोपा, तोच आम्हाला स्वस्त. आणि आम्ही वर्षभर महागडा रस्ता एकुलता एक म्हणून मांडून बसलो होतो.

तरीही साधा छापील क्यूआर, बँक खात्याचा क्रमांक आणि चेक हे मी काढू दिलं नाही. एनईएफटी (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय) २०१९च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालते, तरी आमचे काही वाचक बँकेत जाऊन स्लिप भरूनच पैसे पाठवतात, कारण स्लिपवर शिक्का मिळतो. मिळू दे. बायकोच्या दोन रात्री आता एकीवर आल्यात, ती एक आम्ही सोसू.

परदेशातल्यांची कथा आणखी निराळी. न्यू जर्सीच्या एक ताई आमच्या जुन्या वाचक. त्यांचं अमेरिकन कार्ड आमच्याकडे चालेना, कारण गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्डं चालू करायला वेगळे कागद लागतात, जे आम्ही दिले नव्हते. पेपाल या परदेशी पेमेंट कंपनीने भारतातल्या भारतातले व्यवहार २०२१च्या एप्रिलपासून बंद केले, बाहेरून येणारे पैसे मात्र चालू ठेवले, तेव्हा तोही एक रस्ता होता. पण सहाशे रुपयांसाठी चलनबदलाची काटछाट सोसायची, हे कुणालाच पटत नव्हतं. २०२३च्या जानेवारीत यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अमेरिकेसह दहा देशांतल्या मोबाइल नंबरांना एनआरई-एनआरओ, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या इथल्या बँक खात्यांवरून यूपीआय वापरायची मुभा दिली. मी उत्साहाने ताईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "अहो, आई डोंबिवलीत आहे. तिने मागच्या आठवड्यातच भरले. तिला तेवढंच जरा निमित्त, मला फोन करून सांगायला."

आता उलटी बाजू. पर्याय द्यावेत याचा अर्थ पानभर चित्रं चिकटवावीत असा नाही. मध्यंतरी एक विक्रेता आला होता, त्याच्याकडे सगळंच होतं: अकरा वॉलेटं, रिवॉर्ड पॉइंट आणि 'आत्ता घ्या, नंतर द्या'. सहाशे रुपयांच्या मासिकाला हप्ते! म्हणजे कुणीतरी कथा-कविता वाचायला कर्ज काढायचं आणि चुकवलं तर त्याच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. माझा निकष साधा आहे: आपला वाचक भाजी घेताना, गॅस भरताना, लग्नात आहेर करताना पैसे कसे देतो, तेवढे रस्ते आपल्याकडे असावेत. त्यात क्यूआर आला, बँक आली, रोख आली, आणि काही घरांत अजून पाकीटही आलं.

रोख कशी घेणार वेबसाइटवर? व्ही.पी.सारखी घेतो. ज्याला काहीच जमत नाही त्याला आम्ही महिनाभर अंक आधी उघडून देतो. जमेल तसे, जमेल त्याच्या हातून पैसे पाठवा. भाच्याला हे अजिबात पसंत नाही. त्याच्या मते कुणीही बुडवेल. बुडवतात की. पूर्वी व्ही.पी. परत यायची तेव्हा जाण्यायेण्याचं टपाल आमच्याच अंगावर पडायचं, इथे तर तेवढंही जात नाही.

त्या दिवशी गुरुजींनाही मी हेच सांगितलं. म्हटलं, तुम्ही आधी वाचायला लागा, कार्ड राहू द्या, मनीऑर्डर करा. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "अजून चालते होय मनीऑर्डर तुमच्याकडं? मग आधी का नाही सांगितलं पानावर?"

नव्हतंच सांगितलं. आम्हीच विसरलो होतो.

मनीऑर्डर आठवड्याभराने आली. पुढच्या दोन वर्षी चेक आला. यंदा पहिल्यांदा यूपीआयने आले, नातीच्या खात्यातून. नाव जुळवायला बायकोला एक मिनिटही लागलं नाही, कारण शेऱ्याच्या चौकटीत मावेल तेवढं सगळं लिहिलं होतं: 'आटपाडी गुरुजी वर्गणी पावती पाठवा'.

पावती पाठवली. कागदाची, शिक्का मारून, पाच रुपयांचं तिकीट लावून. भाचा म्हणाला, "काका, पीडीएफ गेली असती की व्हॉट्सॲपवर." तीही पाठवली होती. त्यावर गुरुजींचा फोन आला, मिळाली म्हणून; आणि कागदाची कधी येईल, कारण मागच्या सगळ्या एका फायलीत लावून ठेवल्यात, असं म्हणाले.