पुस्तकात नसलेली गोष्ट

लंडनच्या केंब्रिज थिएटरमध्ये 'मटिल्डा' ही संगीतिका बघून आठवडा झाला, तरी डोक्यातून जात नाहीये. सोबत माझी 9 वर्षांची भाची होती. रोआल्ड डालचं मूळ पुस्तक तिने इतक्यांदा वाचलंय की पानं सुटी झालीत. त्यामुळे पहिल्या अंकात सारखी कानाशी कुजबुज, "मावशी, हे पुस्तकात नाहीये!"

बरोबरच होतं तिचं. 1988 च्या पुस्तकातली मटिल्डा ग्रंथालयात निमूट वाचत बसते. रंगमंचावरची मटिल्डा तिथल्या ग्रंथपालबाईंना स्वतः रचलेली एक गोष्ट सांगते, एका वेळी थोडीच. साखळदंडांतून सुटून दाखवणारा एक कलाकार, कसरती करणारी त्याची बायको आणि तिची दुष्ट बहीण. मलाही वाटलं, कशाला हे घुसडलं मध्येच? पण दुसऱ्या अंकात ती गोष्ट मटिल्डाच्या शिक्षिका मिस हनी यांच्या आईवडिलांचीच निघाली आणि भाचीची कुजबुज थांबली. माझा हात घट्ट धरून बसली पोरगी.

वाचणारं मूल रंगमंचावर दाखवायचं तरी कसं? एक मुलगी बसलीय, पानं उलटतेय, यात बघण्यासारखं काय? संगीतिकेचं नाट्यलेखन करणाऱ्या डेनिस केलीने वाचनाने आत काय घडतं तेच समोर आणलं. वाचून वाचून त्या पोरीच्या डोक्यात गोष्टी उगवायला लागल्यात. नजरेने वस्तू हलवायची तिची शक्ती पुस्तक वाचताना मला सगळ्यात मोठी वाटायची. इथे गोष्ट रचणं तिच्याही वरचढ ठरतं. 'मूळ पुस्तकाला धरून नाही' अशी तक्रार मी आजवर बऱ्याच प्रयोगांबद्दल केलीय. यापुढे जपून करेन.

टिम मिंचिनची गाणी तर काय सांगू! एका गाण्यात ए ते झेड सगळी अक्षरं शब्दांच्या पोटात लपवलीत. ते ते अक्षर ऐकू येतं त्याच क्षणी शाळेच्या फाटकात त्याचा ठोकळा बसतो. क्रूर मुख्याध्यापिकेचं काम पुरुष करतो, तेही झकास.

पण मी रडले ते झोपाळ्यांच्या गाण्याला. मोठं झाल्यावर काय काय करू, हे मुलं गातात. मग मोठी माणसं झोपाळ्यांवर पोट टेकून पालथी होतात आणि थेट पुढच्या रांगांच्या डोक्यावर झोके घेतात. मुलांना वाटतं, मोठेपणी सगळं जमेल. गाणारी मोठी माणसंही तेच म्हणत असतात, अजून! माझ्या पलीकडचे आजोबा चष्मा काढून डोळे पुसत होते.

2012 मध्ये या संगीतिकेला लंडनच्या रंगभूमीवरचे मानाचे ऑलिव्हिए पुरस्कार मिळाले, एकूण 7. त्यातला उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार आळीपाळीने मटिल्डा करणाऱ्या चौघी मुलींना मिळून दिला. हे मला फार आवडलं. एवढं काम एका लेकराच्या खांद्यावर टाकायचंच नाही, आणि कौतुकही वाटून द्यायचं.

परवा भाचीचं पुस्तक चाळत होते. ग्रंथालयाच्या पानावर, समासात, पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: इथे ती गोष्ट सांगते.